बोटांना जात नसते!

आपल्या समाजात 'अंगठेबहाद्दर' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. ज्यांना पिढ्यान् पिढ्या पाटीला हात लावू दिला नाही, त्यांच्याच अंगठ्याला शाई फासून सावकाराने कागद केले आणि नंतर त्यांनाच अडाणी म्हणून हिणवले. आमच्या आजोबांचा अंगठा असलेला असाच एक कागद आमच्या घरी कित्येक वर्षे जपून ठेवलेला होता. जमीन केव्हाच गेली, अंगठा तेवढा राहिला. त्या अंगठ्याच्या घरातला नातू पुढे कायदा शिकला, ही बाबासाहेबांची कृपा!

वकिली सुरू केल्यावर हा अंगठा आम्हाला पुन्हा भेटला, तो न्यायालयात. एका पारधी वस्तीवरच्या तरुणाला पोलिसांनी रात्री उचलून नेले होते. गावात घरफोडी झाली होती आणि वस्ती जवळ होती, एवढाच त्याचा अपराध. सुटून आला तेव्हा त्याच्या दहाही बोटांना काळी शाई लागलेली होती. त्याने आम्हाला विचारले की ही शाई धुतली की जाईल, पण पोलिसांच्या कागदावरची कशी जाईल? त्या दिवशी आमच्यापाशी त्याचे धड उत्तर नव्हते.

बोट खोटे बोलत नाही, असे पोलीस मानतात, न्यायाधीश मानतात आणि कित्येकदा आरोपीही मानतो. मग हे शास्त्र आले कुठून, ते कोणी उभे केले आणि ते उभे करणाऱ्याच्या मनात काय होते, हे आपण जाणून घ्यायला नको काय? आपण बाबासाहेबांचे अनुयायी आहोत. पोथी असो की प्रयोगशाळा, तपासल्याशिवाय मान्य करायचे नाही, ही आपली शिकवण. म्हणून आज आम्ही फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचे चरित्र वाचकांपुढे ठेवत आहोत. या एकाच माणसाने जगाला दोन गोष्टी दिल्या. बोटांच्या ठशांचे शास्त्र त्यांनी पक्क्या पायावर उभे केले, आणि माणसाची लायकी जन्मावरून ठरते हा विचार त्यांनी 'युजेनिक्स' म्हणजे सुप्रजननशास्त्र या नावाने मांडला. यातली पहिली गोष्ट दुसरीला खोटे पाडते, हीच या चरित्रातली खरी गंमत आहे.

गॉल्टन यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८२२ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. घराणे गडगंज. वडिलांकडच्या पूर्वजांनी बंदुकांच्या कारखान्यात पैसा मिळवला आणि पुढे बँक काढली. आईचे वडील म्हणजे प्रसिद्ध वैद्य व विचारवंत इरॅस्मस डार्विन. त्यामुळे उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन हे गॉल्टन यांचे सावत्र नात्याने मामेभाऊ लागत. लहानपणी फ्रान्सिस फार हुशार म्हणून नावाजला गेला. आधी वैद्यकीचे शिक्षण घेतले, मग केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित घेतले. पण तिथे अभ्यासाचा ताण सहन झाला नाही, प्रकृती ढासळली आणि सन्मानाची पदवी हुकली. साध्या पदवीवर समाधान मानावे लागले. त्याच वर्षी, १८४४ साली, वडील वारले आणि मोठी संपत्ती हाती आली. त्यानंतर वैद्यकी सोडली ती सोडलीच. ८८ वर्षांच्या आयुष्यात या गृहस्थांना पोटासाठी नोकरी अशी कधी करावी लागली नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. परीक्षेत मागे पडलेल्या गरिबाच्या पोराला शेतावर किंवा गिरणीत जावे लागते. गॉल्टन यांना मागे पडूनही आयुष्यभर संशोधन करता आले. पुढे हेच गृहस्थ जगाला सांगणार होते की मोठेपण रक्तातून येते!

१८५० ते १८५२ या काळात त्यांनी आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागात, म्हणजे आजच्या नामिबियात, प्रवास केला. नकाशे तयार केले, अंतरे मोजली. या प्रवासासाठी रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. परतल्यावर त्यांनी प्रवासवर्णन लिहिले आणि त्यात स्वतःच एक प्रसंग सांगितला. तिथल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीची शरीरयष्टी त्यांना मोजायची होती. तिच्याशी बोलणार कसे आणि विचारणार कसे? तेव्हा त्यांनी दूर उभे राहून सेक्स्टंट या कोन मोजण्याच्या उपकरणाने तिचे माप घेतले आणि गणिताने आकडे काढले. तिची परवानगी कोणी घेतली नाही. आपले शरीर या गोऱ्या माणसाच्या वहीत उतरले आहे, याचा निर्णय तिच्या हाती कधी आलाच नाही. गॉल्टन यांना हा शास्त्रातला एक चतुर विनोद वाटला. आम्हाला यात पुढच्या दीडशे वर्षांच्या इतिहासाची सुरुवात दिसते. मोजणारा एक, मोजला जाणारा दुसरा, आणि दुसऱ्याला विचारण्याची गरजच नाही.

गॉल्टन यांची बुद्धी अफाट होती, हे मान्य केलेच पाहिजे. १८७५ साली 'द टाइम्स' या वर्तमानपत्रात त्यांनी तयार केलेला हवामानाचा नकाशा छापून आला. दोन गोष्टींचा परस्परसंबंध आकड्यांत कसा मांडायचा, याची रीत त्यांनी १८८८ साली दिली आणि आजही सांख्यिकीशास्त्र तिच्यावर उभे आहे. जे दिसेल ते मोजायचे, हा त्यांचा स्वभावच होता. दोष मोजण्यात नव्हता, मोजण्याआधीच मनात पक्क्या केलेल्या उत्तरात होता.

हे उत्तर त्यांनी १८६९ साली 'हेरेडिटरी जीनियस' या ग्रंथात मांडले. इंग्लंडमधले न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती, लेखक, शास्त्रज्ञ यांच्या वंशावळी त्यांनी गोळा केल्या. मोठ्या माणसाच्या घरात मोठी माणसे जास्त निपजतात, असे दाखवले आणि बुद्धी वंशाने येते असा निष्कर्ष काढला. त्यांनी सुरुवातच न्यायाधीशांपासून केली होती. न्यायाधीशाच्या मुलाला वकिली सोपी जाते, हे कळायला आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या वकिलाला ग्रंथाची गरज नाही! त्याला घरातच ग्रंथालय मिळते, ओळखी मिळतात, अशील मिळतात. रक्ताचे श्रेय किती आणि घराचे किती, हा प्रश्न गॉल्टन यांनी सोडवला नाही. उलट त्याच ग्रंथात त्यांनी वंशांची उतरंड लावली आणि आफ्रिकी माणसाला इंग्रजापेक्षा दोन पायऱ्या खाली बसवले. उतरंड आपल्याला नवी नाही. मनूने ती धर्माच्या नावाने लावली, गॉल्टन यांनी विज्ञानाच्या नावाने.

मग गुन्हेगारीकडे त्यांचे लक्ष गेले. गुन्हेगाराचा म्हणून एक खास चेहरा असतो काय, हे त्यांना शोधायचे होते. तुरुंग खात्याकडून त्यांनी कैद्यांची छायाचित्रे मिळवली आणि १८७०च्या दशकाच्या अखेरीस एकावर एक छापून त्यांचा एकत्रित चेहरा तयार केला. खुनी माणसाचा अस्सल चेहरा उमटेल, अशी अपेक्षा होती. झाले भलतेच. एकेकट्या छायाचित्रातला उग्रपणा गळून पडला आणि एक साधा, बरा दिसणारा माणूस समोर आला. गुन्हेगाराचा चेहरा म्हणून काही सापडलाच नाही. निसर्गाने दिलेला हा पहिला नकार. पण गॉल्टन यांनी आपला सिद्धांत बदलला नाही. १८८३ साली त्यांनी 'युजेनिक्स' हा शब्द घडवला. चांगल्या वंशाच्या लोकांना वाढू द्यावे, हलक्यांची वाढ रोखावी, असा त्याचा अर्थ. त्याच १८८३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते आणि शूद्रांची दैना त्यांच्या रक्तामुळे नव्हे, तर त्यांना विद्येपासून दूर ठेवल्यामुळे झाली, हे आकडेवारीनिशी नव्हे पण अनुभवानिशी सिद्ध करीत होते.

१८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात गॉल्टन यांनी मानवी मोजमापांची प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स देऊन लोक रांगेने आत जात. उंची, वजन, श्वास, नजर, हाताचा जोर, सारे मोजून घेत आणि एक कार्ड घेऊन बाहेर पडत. दुसरी प्रत गॉल्टन यांच्याकडे राहत असे. अशा रीतीने नऊ हजारांहून अधिक माणसांची मापे त्यांच्याकडे जमा झाली. लोकांनी स्वतःच पैसे देऊन आपली माहिती दुसऱ्याच्या कपाटात ठेवली!

बोटांच्या ठशांकडे मात्र गॉल्टन उशिरा वळले आणि त्याची वाट बंगालमधून आली. १८५८ साली मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल हा तरुण इंग्रज अधिकारी होता. रस्त्याची खडी पुरवण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी केला आणि कराराच्या कागदावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. का? हा देशी माणूस उद्या सही नाकारील, या धास्तीने. बोटांच्या ठशाचा भारतातला सरकारी जन्म असा अविश्वासातून झाला. पुढे हर्शेलने दस्तऐवजांवर, पेन्शन घेणाऱ्यांकडून आणि तुरुंगात ठसे घेण्याचा प्रयोग केला.

त्याच सुमारास जपानमध्ये हेन्री फॉल्ड्स नावाचे स्कॉटिश डॉक्टर काम करीत होते. जुन्या मडक्यांवर कुंभारांच्या बोटांच्या रेघा त्यांना दिसल्या आणि ते अभ्यासाला लागले. १८८० साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी लिहिले की गुन्हेगार शोधण्यासाठी बोटांचे ठसे उपयोगी पडतील. भिंतीवरच्या काजळीच्या ठशावरून एका संशयिताचे निरपराधित्व दिसून आल्याचा अनुभवही त्यांनी सांगितला. निरपराधाला सोडवणे हा ठशांचा अगदी आरंभीचा उपयोग होता, हे पोलीस खात्याने विसरू नये. फॉल्ड्स यांनी डार्विनना पत्र लिहिले, डार्विननी ते गॉल्टनकडे पाठवले, गॉल्टननी ते मानववंशशास्त्राच्या संस्थेकडे देऊन टाकले आणि ते तिथेच पडून राहिले. पुढे श्रेयाचा प्रश्न आला तेव्हा गॉल्टन यांनी उच्च कुळातल्या हर्शेलला मान दिला आणि साध्या घरातल्या फॉल्ड्सना बाजूला सारले. बिचारे फॉल्ड्स मरेपर्यंत आपल्या हक्कासाठी भांडत राहिले.

१८८८ साली गॉल्टन यांना माणसाची ओळख पटवण्याच्या पद्धतींवर व्याख्यान द्यायचे होते. तेव्हा फ्रान्समध्ये बर्टिलॉन यांची शरीरमापनाची पद्धत गाजत होती. त्या निमित्ताने त्यांनी ठशांचा शोध घेतला आणि हर्शेलने आपला साठा त्यांच्या हवाली केला. त्यात एकाच माणसाचे अनेक वर्षांच्या अंतराने घेतलेले ठसे होते. ते जुळवून गॉल्टन यांनी दाखवून दिले की बोटांवरच्या रेघा आयुष्यभर बदलत नाहीत. रेघ कुठे संपते, कुठे फुटते, कुठे बेट होते, या बारीक खुणांवर ओळख पटवायची ही रीत त्यांनी घालून दिली. ठशांचे त्यांनी तीन वर्ग केले. आपल्याकडच्या आयाबाया लेकराच्या बोटावर शंख आणि चक्र पाहतात, ते त्यातले दोन. तिसरा कमानीचा. दोन बोटांचे ठसे तंतोतंत सारखे निघण्याची शक्यता ६४ अब्जांत एक, असा हिशेबही त्यांनी मांडला. हे सारे १८९२ सालच्या 'फिंगर प्रिंट्स' या ग्रंथात आले.

पण गॉल्टन ठशांमागे लागले ते केवळ चोर पकडण्यासाठी नव्हे. त्यांना बोटांवर वंश वाचायचा होता, बुद्धी वाचायची होती. जन्माची प्रतवारी निसर्गाने माणसाच्या अंगावर कुठे ना कुठे लिहून ठेवलीच असेल, ही त्यांची श्रद्धा होती. म्हणून त्यांनी इंग्रज, वेल्श, ज्यू, बास्क आणि आफ्रिकी लोकांचे ठसे जमवले. कला आणि विज्ञान शाखांचे विद्यार्थी, शेतमजूर आणि मतिमंदांच्या आश्रमातली माणसे यांचे ठसे शेजारी शेजारी मांडले. महिनोन् महिने मोजणी केली. उत्तर काय आले? ठसा पाहून हा अमुक वंशाचा, असे सांगता येईल अशी एकही खूण सापडली नाही. नामवंत विचारवंताच्या बोटावर जशी रेघ, तशीच मतिमंदाच्या बोटावर. विद्यार्थ्याच्या बोटावर जसे चक्र, तसेच मजुराच्या बोटावर!

वाचकहो, इथे क्षणभर थांबावे. माणसांची उतरंड लावायला निघालेला जगातला सर्वांत हुशार मोजणारा स्वतःच्या हाताने मोजतो आणि त्याच्या कागदावर समता उमटते. बोटांना जात नसते, हे आम्ही नाही, गॉल्टन यांचे आकडे सांगत होते. ते आकडे त्यांनी लपवले नाहीत, आपली मोठी अपेक्षा फोल ठरली हे छापून कबूल केले. हा त्यांचा प्रामाणिकपणा आम्ही नाकारणार नाही. पण पुरावा विरोधात गेल्यावर दावा मागे घ्यावा लागतो, हा आमच्या व्यवसायाचा साधा नियम आहे. गॉल्टन यांनी पुरावा स्वीकारला आणि दावा तसाच चालू ठेवला.

यानंतर गोष्ट पुन्हा बंगालमध्ये येते. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री १८९४ साली लंडनमध्ये गॉल्टनना भेटले. अडचण ही होती की लाखो ठशांतून हवा तो ठसा शोधायचा कसा? गॉल्टन यांच्या वर्गवारीने ते काम होत नव्हते. ते कोडे कलकत्त्यात सुटले. काझी अझिझुल हक या तरुण भारतीय पोलीस अधिकाऱ्याने दहा बोटांच्या ठशांवरून १०२४ कप्प्यांत वर्गीकरण करण्याचे गणित बसवले आणि हेमचंद्र बोस यांनी त्या कामात मोलाची भर घातली. १८९७ साली सरकारने ही पद्धत स्वीकारली आणि कलकत्त्यात जगातले पहिले अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झाले. १९०१ साली ती लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये गेली. पण जगात तिचे नाव काय? हेन्री पद्धत! घाम एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हा न्याय आपण चांगला ओळखतो. हक यांना पुढे खानबहादूर ही पदवी आणि पाच हजार रुपये मिळाले. त्यांचे नाव मात्र पद्धतीला लागले नाही.

ठशांचा एक आरंभीचा मोठा खटलाही आपल्याच देशातला. जलपायगुडी जिल्ह्यातल्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तिथल्या पंचांगावर रक्ताचा पुसट ठसा होता. तो आधी चोरीत शिक्षा भोगलेल्या एका जुन्या नोकराच्या नोंदीतल्या ठशाशी जुळला. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीची शिक्षा दिली, परंतु खुनाच्या आरोपातून सोडले. ठशावरून माणूस तिथे होता एवढे कळते, त्याने काय केले ते कळत नाही. ही विवेकबुद्धी त्या आरंभीच्या खटल्यातच दिसली. पुढच्याच वर्षी, १८९९ साली, पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाचे मत ग्राह्य झाले.

गॉल्टन यांचे अखेरचे दिवस मानसन्मानात गेले. १९०९ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १७ जानेवारी १९११ रोजी ते वारले. चांगल्या वंशाची संतती वाढावी म्हणून जन्मभर लिहिणाऱ्या या गृहस्थांना स्वतःला मूलबाळ नव्हते. संपत्तीचा मोठा भाग त्यांनी लंडन विद्यापीठाला युजेनिक्सच्या अध्यासनासाठी दिला.

ज्या १९११ साली ते वारले, त्याच साली भारतात गुन्हेगार जमातींचा नवा कायदा आला. १८७१च्या मूळ कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. १९११च्या कायद्याने नोंदलेल्या जमातीतल्या कोणाही माणसाचे बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. गुन्हा घडण्याची अट नाही, आरोप असण्याचीही गरज नाही. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या पिढ्या या कायद्याखाली भरडल्या गेल्या. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत त्याची साक्ष आहे. वाचकांनी यातला क्रूर विरोधाभास पाहावा. ज्या बोटांवर जन्माची कोणतीच खूण नाही असे गॉल्टन यांच्या मोजणीने १८९२ साली सांगितले, त्याच बोटांना सरकारने १९११ साली जन्माच्या आधारावर शाई फासली! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. पण सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या मनातली यादी कायम राहिली.

युजेनिक्सनेही पुढे काय केले, ते जगाने पाहिले. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि १९३३ साली हिटलरच्या जर्मनीने तोच मार्ग धरून पुढे माणुसकीचा बळी घेतला. आपल्याकडेही जातिव्यवस्था वंशशुद्धीसाठी आहे, असे सांगणारे पंडित होते. १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात बाबासाहेबांनी या युक्तिवादाचा समाचार घेतला. जात ही वंशाची विभागणी नाहीच, आणि जातीने माणूस सुधारत असता तर या देशातली माणसे खुजी आणि दुबळी राहिली नसती, असे त्यांनी दाखवून दिले. १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेताना त्यांनी नाकाच्या मोजमापांचे आकडेच पुढे केले आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात हे सिद्ध केले. मोजणाऱ्यांच्या हातातली पट्टी काढून घेऊन त्याच पट्टीने त्यांनी उतरंड मोडली! लंडनच्या ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गॉल्टन यांच्या नावाचे सभागृह होते, त्या कॉलेजाने २०२० साली ते नाव काढून टाकले.

मग ठसे खोटे आहेत काय? नाहीत. रेघ खरी आहे. पण रेघ वाचणारा माणूस आहे आणि माणूस चुकतो. गॉल्टन यांचा ६४ अब्जांचा आकडा स्वच्छ, पूर्ण ठशांचा होता. गुन्ह्याच्या जागी मिळतो तो अर्धवट, पुसट, चेपलेला ठसा. केवळ एका बोटाच्या ठशावर माणसाला दोषी ठरवू नका, असे फॉल्ड्स म्हणत होते ते उगीच नव्हे. २००४ साली स्पेनमध्ये माद्रिदच्या रेल्वेत बाँबस्फोट झाले. तिथल्या एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा असल्याचे एफबीआयच्या तज्ज्ञांनी छातीठोकपणे सांगितले. तो वकील मुस्लिम झालेला होता. त्याला दोन आठवडे कोठडीत ठेवले. मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले आणि एफबीआयला माफी मागावी लागली. २००९ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या अहवालाने आणि २०१६ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी ठसेतज्ज्ञ चुकू शकतात हे स्पष्ट सांगितले. दुसऱ्या अहवालाने दोन चाचण्यांच्या आधारे चुकीच्या जुळणीचे प्रमाण एका चाचणीत ३०६ मध्ये १ आणि दुसरीत १८ मध्ये १ इतके असू शकते असे मांडले. कुठे ६४ अब्ज आणि कुठे १८!

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली ठशांच्या शास्त्राला अचूक शास्त्र मानले. पण १९९७ साली राजस्थानातल्या एका खुनाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ठशांचा पुरावा नाकारला. जप्त वस्तू सीलबंद राहिल्या होत्या याची खात्री नव्हती आणि नमुन्याचे ठसे दंडाधिकाऱ्यांसमोर घेतलेले नव्हते. रेघ खरी असून काय उपयोग, तिची वाटचालच संशयास्पद असेल तर?

आता मोजमापाची भूक आणखी वाढली आहे. १९२०चा कैदी ओळख कायदा जाऊन २०२२ साली फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा आला. बोटे, तळहात, पाऊल, डोळ्याची बुब्बुळे, रक्ताचे नमुने, सही, अक्षर, सारे घेण्याची तरतूद त्यात आहे. नोंदी ७५ वर्षे ठेवायच्या. नकार दिला तर तोही गुन्हा. त्याच वर्षी देशभरातले ठसे एका जागी आणणारी 'नाफिस' ही संगणकीय यंत्रणा सुरू झाली. ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी १९६१ सालीच दिलेला आहे. परंतु २०१७ साली ९ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. म्हणजे बोट माझे आहे, राज्याचे नाही! ते घ्यायचे तर कायदा हवा, कारण हवे आणि प्रमाण हवे.

या यंत्रणेत कोणाची बोटे सर्वांत आधी जातील, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याला पोलीस वारंवार उचलतात, त्याचीच. एकदा नोंद झाली की पुढच्या प्रत्येक शोधात तोच समोर येणार, आणि समोर आला म्हणून पुन्हा उचलला जाणार. संगणकाला जात माहीत नाही, पण त्याच्या पोटात ठसे भरणाऱ्याला माहीत आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि आमच्या तरुण वकीलबांधवांना आमचे सांगणे आहे. ठसा जुळला एवढ्यावर हातपाय गाळू नका. किती खुणा जुळल्या, न जुळलेल्या किती, याचा तक्ता तज्ज्ञाकडे मागा आणि त्याची उलटतपासणी घ्या. ठसा कोणी उचलला, केव्हा उचलला, सील कोणी केले, हे विचारा. नमुने कोणासमोर घेतले ते पाहा. कोणतेही प्रकरण जामिनावर संपत नाही, हे लक्षात ठेवा. माणूस निर्दोष सुटला आणि अपिलाचे मार्ग संपले, पूर्वी शिक्षा झालेली नसली, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिल्याखेरीज त्याच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद २०२२च्या कायद्यातच आहे. राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे तसा लेखी अर्ज करा, पोच घ्या आणि पाठपुरावा करा. वस्तीवर शिबिर घ्याल तेव्हा जातीचा दाखला आणि रेशनकार्ड यांच्या जोडीने हा अर्जही भरून घ्या.

त्या पारधी तरुणाला देण्यासाठी आमच्यापाशी आज निदान एवढे उत्तर आहे. कागदावरची शाई आपोआप जात नाही, ती कायद्याने घालवावी लागते. आणि त्यासाठी लागणाऱ्या अर्जावर अंगठा नव्हे, सही करायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे.